पाटी बदलली, डिपेंडन्सीचं काय?

भाजे लेणी पाहून आम्ही लोहगडवाडीत चहाला थांबलो होतो. हिंजवडीत कोड लिहिणारा आमचा एक मित्र म्हणाला, "मास्टरचं मेन केलं, त्यानं काय फरक पडला? नावात काय आहे?"

मित्रांनो, हा प्रश्न आपल्याला कुणी विचारू नये. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना लोक आजही पांडवलेणी म्हणतात. विद्यापीठ नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 चा. बाबासाहेबांचं नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडलं, आणि तोही नामविस्तारच! मधल्या काळात आपली घरं जळली, माणसं गेली. नावात काहीच नसतं, तर ती कशासाठी जाळली?

संगणकवाल्यांनी वर्षानुवर्षं हुकूम देणाऱ्याला 'मास्टर' आणि हुकूम पाळणाऱ्याला 'स्लेव्ह', म्हणजे मालक आणि गुलाम म्हटलं. 2020 मध्ये गिटहबने नव्या प्रकल्पांच्या मुख्य शाखेचं 'मास्टर' हे नाव बदलून 'मेन' केलं. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. दोन्हींचं आम्ही स्वागत करतो.

पण आमचा मित्रच सांगतो, पॅकेजचं नाव बदललं की काम संपत नाही, तिथे सुरू होतं. त्यावर अवलंबून असलेला प्रत्येक प्रोग्राम जुन्याच नावाने हाक मारत राहतो. तो शोधून दुरुस्त करावा लागतो. वस्तीचंही तसंच आहे. पाटीवर समतानगर, पण पाण्याची लाईन, स्मशानाची वाट आणि जमिनीचा हिशेब जुन्याच नावाने चालत असेल, तर बदललं काय?

आणि नाव ठरवतो कोण? मार्च 2016 मध्ये 'किक' हे पॅकेजचं नाव एका कंपनीला हवं होतं. एनपीएम या भांडाराने ते अझर कोचुलू या प्रोग्रामरकडून काढून कंपनीला दिलं. त्याने चिडून आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' होतं, अवघ्या 11 ओळींचं. ते जाताच जगभरची कामं अडली.

गावगाड्याला हे नवं नाही. ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्याच कामावर गाव उभं होतं. आपण मेलेली ढोरं ओढायचं सोडलं तेव्हा बहिष्कार पडले, ते याच भीतीपोटी.

म्हणून आयटीतल्या भावा-बहिणींनो, नाव बदलाच. पण त्या नावावर काय काय टांगलंय, त्याची यादी करा. तीच यादी आपल्या वस्तीसाठीही करा आणि ग्रामसभेत वाचा.

जय भीम!