शेळी आणि धनेश



उत्तर अंदमानच्या पूर्वेस, भर समुद्रात, नारकोंडम नावाचे बेट आहे. निद्रिस्त ज्वालामुखीचा हा डोंगर जेमतेम सात चौरस किलोमीटरांचा. परंतु तेथील धनेश पक्षी जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एस. ए. हुसैन यांनी १९७२ साली तेथे जाऊन त्याचे निरीक्षण केले. मादी वृक्षाच्या ढोलीत स्वतःस कोंडून घेते. नर फटीतून तिला व पिलांना भरवितो.

१९६९ साली बेटावर पोलीस चौकी आली आणि मागाहून खाण्यासाठी शेळ्या. कोसाडात दारची शेळी किती गरीब वाटते! तेथे मात्र ती कोवळी रोपे फस्त करू लागली. जुने वृक्ष उभे असल्याने अरण्य हिरवेगारच दिसे. पण त्यांच्यामागून येणारे कोणी उरत नव्हते. वृक्ष नाही तर ढोली नाही, आणि ढोली नाही तर धनेश नाही. अभ्यासकांनी हे वेळीच दाखवून दिले व शेळ्या हलविण्यात आल्या. २०१९-२० च्या पाहणीत सुमारे १,००० धनेश असल्याचा अंदाज निघाला.

रानात जाल तेव्हा मान वर करून वृक्ष अवश्य पाहा. परंतु खाली वाकून रोपेही पाहा.