बारा पॉइंटचा फॉण्ट आणि गाळलेली माणसं

रात्री एक वाजता ताईचा फोन आला. "अरे, ते पीडीएफ बनतच नाहीये. लाल अक्षरात काहीतरी येतंय."

ताई एका सरकारी रुग्णालयात नेफ्रॉलॉजीत डीएम करते. दिवसभर ओपीडी आणि डायलिसिस, रात्री-अपरात्री येणारे कॉल. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. तिच्या पेपरची आकडेमोड मी केली होती, म्हणून तो जर्नलच्या पोर्टलवर चढवायचं कामही ओघानं माझ्याकडे आलं. दोन तासांचं काम असेल असं वाटलं होतं. तीन शनिवार-रविवार गेले.

या तीन आठवड्यांत मी काय केलं? परीक्षकांना नावं कळू नयेत म्हणून लेखकांचं पान वेगळं काढलं. मजकुरात कुठे रुग्णालयाचं नाव राहिलंय का ते शोधलं. गोषवारा अडीचशे शब्दांत कोंबला. आकृत्या तीनशे डीपीआयच्या टिफ फायली केल्या. आपल्या लॅबमध्ये क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, त्यांना मायक्रोमोल प्रति लिटर हवं होतं, म्हणून सगळे आकडे ८८.४ ने गुणले. फॉण्ट बारा पॉइंटचा, ओळींमध्ये दुप्पट अंतर. चौथ्या दिवशी उत्तर आलं: विषय आमच्या वाचकांसाठी नाही. परीक्षकांपर्यंत पेपर पोचलाच नाही.

मग दुसरं जर्नल. तिथे गोषवारा दोनशे शब्दांचा, संदर्भांचे आकडे वर चढवण्याऐवजी कंसात, आणि क्रिएटिनिन परत मिलिग्रॅममध्ये. भागा आता ८८.४ ने.

माझ्या धंद्यात कोडमधल्या मोकळ्या जागा आणि कंस नीट लावायला कुणी माणूस बसवत नाही. फॉर्मॅटर नावाचा प्रोग्रॅम असतो, सेव्ह केलं की तो सगळं सरळ करतो. माणसाचा वेळ कोड चालतो का आणि उत्तर बरोबर येतं का हे बघण्यासाठी असतो. संशोधनाच्या जगात मात्र हे उलटं. मशीन दोन सेकंदांत करेल ते काम डायलिसिस युनिटमधून घरी आलेली डॉक्टर रात्री एकला करते.

यातला विनोद असा की ही कटकट मिटवायलाच काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले होते. हस्तलिखितं कशी पाठवायची याचे समान नियम त्यांनी ठरवले. संदर्भांची 'व्हँकुव्हर पद्धत' हे नाव तिथूनच आलं. आता प्रत्येक जर्नल म्हणतं, आम्ही व्हँकुव्हर पाळतो, फक्त आमचे थोडे बदल आहेत. त्या थोड्या बदलांत माझे शनिवार-रविवार गेले.

आणि दुसरा विनोद. पेपर स्वीकारला की लेखकानं लावलेली ही सगळी मांडणी प्रकाशक काढून टाकतात. मजकूर एक्सएमएलमध्ये नव्यानं लावला जातो. परदेशी प्रकाशकांचं हे काम बऱ्याचदा आपल्याच चेन्नई-पुद्दुचेरीतली मुलं करतात. म्हणजे एक भारतीय रात्र जागून फॉण्ट लावणार, आणि दुसरा पगार घेऊन तो काढणार. काही जर्नलं आता पहिल्यांदा पाठवताना कुठलाही फॉरमॅट चालेल म्हणतात. मग बाकीच्यांचं कुठे अडलंय?

कुणी म्हणेल, एवढं काय रडायचं, थोडी कारकुनी सगळ्यांनाच करावी लागते. करावी लागते, पण सगळ्यांना सारखी लागत नाही. मोठ्या संस्थांत आकडेतज्ज्ञ असतो, लिहिण्यात मदत करणारी माणसं असतात. ताईकडे मी होतो. ज्या रेसिडेंटचा भाऊ इंजिनिअर नाही, त्याचा पेपर पहिल्या नकारानंतर लॅपटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये पडून राहतो.

पडून राहिला तर काय बिघडतं? तुमचा किंवा आईबाबांचा किडनीचा रिपोर्ट काढून बघा. त्यात बहुधा 'ईजीएफआर' असं एक कलम असेल. किडनी किती काम करते याचा हा अंदाज क्रिएटिनिन, वय आणि लिंग एका सूत्रात घालून काढतात. यातलं प्रसिद्ध एमडीआरडी सूत्र १९९९ साली १,६२८ अमेरिकन रुग्णांच्या आकड्यांवरून बसवलं गेलं. क्रिएटिनिन स्नायूंवर आणि खाण्यातल्या मांसावरही अवलंबून असतं. बारीक अंगाच्या, वरण-भातावर जगणाऱ्या माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी, त्यामुळे अशा सूत्रात त्याची किडनी आहे त्यापेक्षा बरी दिसू शकते. त्याच सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.२१२ ने गुणायचं असा नियम होता. म्हणजे त्याची किडनी कागदावर २१ टक्के जास्त चांगली. त्यानंतर २००९ मध्ये आलेल्या सूत्रातही वंशाचा असा गुणक होता. तो काढलेलं नवं सूत्र आलं २०२१ मध्ये. तो गुणक पेपरांतूनच आत आला आणि पेपरांनीच बाहेर काढला. ज्यांचे आकडे छापले जातात, त्यांच्या मापानं बाकीच्यांची किडनी मोजतात. म्हणून ताईचा पेपर फोल्डरमध्ये राहणं मला परवडत नाही.

इथपर्यंत मी तावातावानं बोलतोय. आता माझी बाजू लंगडी पडते ते सांगतो.

दुसऱ्या जर्नलला 'स्ट्रोब' यादी भरून हवी होती. रुग्णांचं नुसतं निरीक्षण करणाऱ्या अभ्यासांसाठी २००७ साली केलेली ही बावीस कलमांची यादी. मी वैतागून भरायला बसलो. आमचा अभ्यास साधा होता: डायलिसिस सुरू करताना किती जणांच्या मानेत तातडीची नळी घालावी लागली, किती जणांच्या हातात आधीच फिस्टुला तयार होता, आणि वर्षभरात त्यांचं काय झालं. एक कलम विचारत होतं, प्रत्येक टप्प्यावर किती रुग्ण होते, मधूनच गेले ते का गेले? दुसरं कलम, अपुऱ्या माहितीचं काय केलं?

मी कोड उघडला. पायथनमधली माझीच एक ओळ होती: ज्या ओळीत काही रिकामं असेल ती गाळून टाक. ऑफिसात मी ही ओळ न बघता लिहितो.

ताईला फोन केला. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "थांब, रजिस्टर काढते." पुढचा तासभर ती नावं न घेता शेरे वाचत होती. आला नाही. आला नाही. गाडीभाड्याला पैसे नाहीत म्हणाला, नंतर आला नाही. फोन लागत नाही. या माणसांचे वर्षअखेरचे रकाने रिकामे होते, आणि मी ती माणसंच गाळली होती. आमचे निकाल छान दिसत होते, कारण ज्यांचं वाईट झालं असण्याची शक्यता जास्त, ते हिशेबातच नव्हते. आकडा इथे देत नाही, पेपर अजून छापलेला नाही. पण निष्कर्षाचा परिच्छेद आम्हाला नव्यानं लिहावा लागला.

म्हणून 'सगळ्या अटी काढून टाका' असं मी म्हणणार नाही. फॉण्टची अट आणि 'तुमचे रुग्ण कुठे गेले' ही अट एकाच पोर्टलवर, एकाच लाल अक्षरात येतात, हा माझा राग आहे. थकलेल्या माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात, आणि तो दोन्ही सारख्याच उरकतो. बारा पॉइंटसाठी तीन रविवार घालवलेल्या माणसाकडे स्ट्रोबसाठी 'लागू नाही' लिहिण्याइतकीच ताकद उरते. मीही तेच लिहिणार होतो.

दोष फक्त जर्नलांचा नाही. आपल्याकडे अनेक वर्षं पदव्युत्तर विद्यार्थ्याला परीक्षेला बसायला एक शोधनिबंध लागायचा: छापलेला, स्वीकारलेला किंवा नुसता 'पाठवलेला'. पाठवला की पुरे! अशा नियमातून संशोधन कसं निघेल? पावत्या निघतात. मग लेखकांच्या यादीत ज्यानं रजिस्टर उघडलंही नाही त्याचंही नाव येतं, आणि 'तुमचं योगदान काय' या रकान्यात काय लिहायचं असा प्रश्न रात्री एकला माझ्यासारख्याला पडतो.

मागणं मोठं नाही. पहिल्यांदा पाठवताना पेपर कसाही घ्या, मांडणी स्वीकारल्यावर लावा. आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात आकडे जाणणारा एक माणूस पगारावर ठेवा, जो अभ्यास सुरू होण्याआधीच विचारेल: येणं बंद केलेल्यांची नोंद कशी ठेवणार?

पेपर आता तिसऱ्या जर्नलकडे आहे. त्यात रुग्ण टप्प्याटप्प्यानं दाखवणारी आकृती आहे, आणि तिच्या उजवीकडे एक नवा चौकोन: 'उपचार थांबवले / संपर्क तुटला'. पोर्टलनं आकृती एकदा परत पाठवली, चौकोनातली अक्षरं फार लहान होती म्हणून. ताई म्हणाली, "काढू नकोस हं तो." मी अक्षरं मोठी केली.