मालाचा लौकिक आणि कंपन्यांची प्रसिद्धि

वाशी तालुक्यांतील तेरखेडा हें गांव सोलापूर-धुळे महामार्गावर असून फटाक्यांच्या कारखान्यांमुळें त्याचें नांव दूरवर ठाऊक झालें आहे. परंतु हें नांव वृत्तपत्रांत केव्हां येतें, याचा विचार केल्यास एक गोष्ट ध्यानांत येईल. दिवाळी जवळ आली म्हणजे येथील बाजाराचें वर्णन छापून येतें. आणि एखाद्या कारखान्यांत स्फोट होऊन माणसें दगावलीं म्हणजे येतें. एका बातमीनें गिऱ्हाईक येतें, दुसरीनें तें दूर जातें. या दोन्ही बातम्यांस कोणीं पैसा दिलेला नसतो, आणि म्हणूनच लोक त्यांवर विश्वास ठेवतात.

हा विषय आज काढण्याचें कारण असें कीं, आपल्या भागांत शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. २००२ च्या दुरुस्तीनें कंपनी कायद्यांत त्यांची सोय झाली, आणि २०२० सालीं केंद्र सरकारनें अशा दहा हजार संस्था उभारण्याची योजना हातीं घेतल्यावर त्यांची संख्या वाढूं लागली. या कंपन्यांच्या कित्येक चालकांस असें वाटतें कीं, वृत्तपत्रांत छायाचित्र झळकलें व चार स्तुतीचे रकाने आले म्हणजे मालास नांव मिळालें. आमच्या मतें ही समजूत घातक आहे, आणि ज्यांचें भागभांडवल त्या कंपन्यांत गुंतलें आहे त्या आमच्या कृषकबंधूंनीं तिचा वेळींच विचार करावा.

प्रसिद्धीचे मुख्य प्रकार दोन. पैसे मोजून जागा घ्यावयाची व तींत आपल्या मालाची वाखाणणी करावयाची, ही जाहिरात. तींत लबाडी नाहीं; कारण बोलणारा कोण, हें वाचणाऱ्यास ठाऊक असतें. दुसऱ्यानें आपण होऊन, कांहीं न घेतां आपल्या कामाची नोंद घ्यावी, ही कमावलेली प्रसिद्धि. कुंथलगिरीचा पेढा व भूम-वाशीकडील खवा यांचें नांव या दुसऱ्या मार्गानें झालें. खाणाऱ्यानें न खाणाऱ्यास सांगितलें, एवढेंच त्याचें भांडवल. मात्र पहिला प्रकार दुसऱ्याचा वेष घेऊन येतो, म्हणजे पैसा देऊन लिहविलेली स्तुति बातमी म्हणून छापली जाते, तेव्हां ती फसवणूक होते.

आपलें काम लोकांस कळवूंच नये, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. मुका माल अडतीवर पडून राहतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला तेव्हां लोखंडानें जमिनींत विष उतरतें अशी शेतकऱ्यांची धास्ती होती, आणि पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. अशी धास्ती मोठ्या अक्षरांच्या जाहिरातीनें जात नसते. शेजाऱ्याच्या रानांत हरळी मुळासकट उलटून पडलेली व त्याच रानांत पुढें पीक डोलतांना पाहिलें म्हणजे ती जाते. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं तेथून 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याची वार्ता देण्यास निघालेलें हें लहानसें पत्र पुढें 'किर्लोस्कर' या नांवाचें मोठें मासिक झालें, व त्यास 'स्त्री' आणि 'मनोहर' अशीं भावंडें मिळालीं. ज्या घराचा नांगराशीं कांहीं संबंध नव्हता तेथेंहि किर्लोस्कर हें नांव पोंचलें. कारखान्यानें वाचकास त्याच्या उपयोगाचें कांहीं दिलें, म्हणून वाचकानें कारखान्याचें नांव आदरानें घेतलें. पण या सर्वांच्या बुडाशीं टिकणारा नांगर होता, हें विसरूं नये.

असाच दुसरा दाखला 'मंथन' या १९७६ च्या चित्रपटाचा. गुजरातेंतील पांच लाख दूध उत्पादकांनीं प्रत्येकीं दोन रुपये देऊन तो काढविला. दिग्दर्शन श्याम बेनेगल यांचें व पटकथा विजय तेंडुलकरांची. पैसा संघाच्या सभासदांचा असूनहि त्यांत संघाची आरती ओवाळलेली नाहीं. गांवांतील जातिभेद, पुढाऱ्यांची आडकाठी, चांगल्या माणसास गांव सोडून जावें लागणें, हें सर्व त्यांत उघड दाखविलें आहे. अडचणी झांकल्या नाहींत, म्हणूनच यशाची गोष्ट पाहणाऱ्यास पटली.

याच्या अगदीं उलट प्रकार आपल्या राज्यांतील यवतमाळ जिल्ह्यांत घडला. २००८ सालीं एका मोठ्या इंग्रजी दैनिकानें भांबराजा व अंतरगांव या गांवांविषयीं पानभर वृत्तांत छापला. बीटी कापसानें येथें सुबत्ता आली व आत्महत्या थांबल्या, असा त्याचा आशय होता. २०११ सालीं तोच मजकूर बहुतेक जसाच्या तसा त्याच दैनिकांत पुन्हां आला, तो बियाणें कंपनीच्या जाहिरातीच्या रूपानें. २०१२ च्या मार्चांत संसदेची कृषिविषयक स्थायी समिति भांबराजास आली, तेव्हां आपल्या गांवांत आत्महत्या झाल्या असल्याचें ग्रामस्थांनींच सांगितलें; आणि त्याच वर्षीं पी. साईनाथ यांनीं 'दि हिंदु' पत्रांतून हें प्रकरण उजेडांत आणलें. बियाण्याच्या गुणदोषांचा वाद येथें आम्ही करीत नाहीं. परंतु बातमी कोणती व जाहिरात कोणती हेंच ओळखूं येईनासें झालें, तर उद्यां एखाद्या कंपनीनें खरोखर चांगलें वाण काढलें तरी त्याची वार्ता शंकेनेंच वाचली जाईल. एकाच्या खोट्याचा दंड दहा प्रामाणिकांस भरावा लागतो.

लौकिकाची खरी परीक्षा संकटकाळीं होते. २०२० च्या खरिपांत मराठवाड्यांत सोयाबीनचें बियाणें न उगवल्याच्या हजारों तक्रारी झाल्या; दुबार पेरणीचा भार शेतकऱ्यांवर पडला, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें आपण होऊन त्याची दखल घेतली. त्या वेळीं कोणी पावसाकडे, कोणी पेरणीच्या खोलीकडे बोट दाखविलें. यांतील कांहीं कारणें कांहीं ठिकाणीं खरींहि असतील. परंतु ज्याचें रान उघडें पडलें आहे त्यास प्रथम कारण ऐकावयाचें नसतें. माझ्या नुकसानीचें काय, हें त्यास ऐकावयाचें असतें. जी कंपनी दोष दिसतांच गोणीचा लॉट नंबर स्वतः जाहीर करते, विक्री थांबविते व बियाणें बदलून देते, तिची हानि एका हंगामाची. जी दडवून ठेवते, तिची हानि पिढीची. कारण ती बातमी मग दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडते.

तेव्हां आपल्या कंपन्यांनीं काय करावें? आमच्या मतें प्रसिद्धीचा आरंभ छापखान्यांत न करतां खळ्यावर व भट्टीवर करावा. बियाणें विकणाऱ्या कंपनीनें पेरणीपूर्वीं ओल्या गोणपाटांत शंभर दाणे ठेवून किती उगवले, तो आंकडा लॉटवार फळ्यावर लिहावा. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यास सत्तर टक्के उगवण लागते, हेंहि त्याखालीं लिहावें. खवा विकणाऱ्या कंपनीनें दुकानीं आयोडीनची बाटली ठेवावी. थोडा खवा पाण्यांत उकळून, निववून त्यांत चार थेंब टाकले व पाणी निळें झालें तर त्यांत पिठाची भेसळ आहे, हें गिऱ्हाइकास त्याच्याच हातानें पाहूं द्यावें. भेसळीच्या बातमीनें खव्याच्या बाजारावर संशयाचें सावट येतें, तेव्हां हें एक बाटलीभर औषध दहा लेखांचें काम करील. तेरखेड्याच्या फटाके कारखानदारांसहि आमचें हेंच सांगणें आहे. दारू किती साठविली, एका खोलीत किती माणसें बसविलीं, आग विझविण्याची तयारी काय, हें त्यांनीं गांवास व बातमीदारास दिवाळीपूर्वीं दाखवावें. स्फोटानंतर दिलेल्या खुलाशावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

बातमीदारास केवळ उद्घाटनाच्या दिवशीं हार-तुरे देऊन बोलावूं नये. कोणत्याहि दिवशीं, न सांगतां आला तरी त्यास गोदाम दाखवितां आलें पाहिजे. विचारलेल्या प्रश्नास उत्तर द्यावें, पाकीट देऊं नये. पैसा देऊन कांहीं छापवावयाचें असेल तर त्यावर 'जाहिरात' हा शब्द ठसठशीत छापवून घ्यावा. आणि सर्वसाधारण सभेंत भागधारकांपुढें जो हिशेब ठेवितों, त्याहून निराळा हिशेब वृत्तपत्रांत सांगूं नये; सभासद हाच कंपनीचा पहिला व सर्वांत खरा प्रचारक होय, आणि तोच चावडीवर बसून नाक मुरडूं लागला तर शहरांतील कोणत्याहि पत्राची स्तुति उपयोगास येत नाहीं.

आमच्या वाचकांचेंहि यांत एक कर्तव्य आहे. एखाद्या वाणाची, औषधाची वा कंपनीची वारेमाप प्रशंसा वाचनांत आली तर तीन गोष्टी विचाराव्या: हें बोलतो कोण, यांत त्याचा लाभ काय, आणि ज्या शेतकऱ्याचें नांव छापलें आहे त्याचें रान कोणीं पाहिलें आहे काय. शक्य असल्यास स्वतः जाऊन पाहावें; एस.टी.चें भाडें हें एका हंगामाच्या नुकसानीपेक्षां स्वस्तच पडतें. बियाणें पारखून घेणारा शेतकरी बातमीहि तशीच पारखून घेऊं लागला, म्हणजे नांव सोनूबाई हातीं कथलाचा वाळा अशा कंपन्यांचा धंदा आपोआप बसेल, आणि ज्यांच्या मालांत कस आहे त्यांचें नांव लोकच पुढें नेतील.