व्याज ठरवणारा कर्जदार

३१ मार्च २०२१ च्या रात्री केंद्र सरकारने अल्पबचतीचे व्याजदर उतरवले. पीपीएफ ७.१ वरून ६.४ टक्के, ज्येष्ठ नागरिक योजना ७.४ वरून ६.५, पोस्टातलं साधं बचत खातं चारवरून साडेतीन. दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्थमंत्र्यांनी आदेश नजरचुकीने निघाल्याचं सांगून तो मागे घेतला. लोकांच्या जिवात जीव आला, चर्चा थांबली. मला मात्र तो विषय अजून संपलेला वाटत नाही.

पोस्टात भरलेला पैसा १९९९ पासून राष्ट्रीय अल्पबचत निधीत जमा होतो आणि तिथून सरकारला कर्जाऊ जातो. बँकांतल्या ठेवी आणि एलआयसीचे हप्ते यांचाही मोठा हिस्सा सरकारी रोख्यांतच असतो. सरकारचे सावकार शोधायला परदेशी जायला नको. महिन्याच्या सुरुवातीला तालुक्याच्या पोस्टात डोकावा. प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक जपून आणलेल्या बायका मासिक उत्पन्न योजनेचं व्याज काढायला उभ्या असतात. नवऱ्याच्या ग्रॅच्युइटीचे नऊ लाख तिथे ठेवणारीला नव्या ठेवीवर अर्धा टक्का कमी मिळाला, तर महिन्याला पावणेचारशे रुपये गेले. म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्यांना कात्री लागली.

आणि हा दर ठरवतं कोण? दर तिमाहीला, खुद्द कर्ज घेणारं सरकार. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खर्चाच्या रुपयातले २० पैसे व्याजापोटी जातात. कर्ज जितकं फुगेल, तितका हा भार कुठे तरी हलका करण्याचा मोह वाढणार. आणि पोस्टाच्या खिडकीवरचा सावकार घासाघीस करू शकत नाही. २०२०-२१ मध्ये किरकोळ महागाई सरासरी ६.२ टक्के होती, पोस्टातल्या एक वर्षाच्या ठेवीवर मिळत होते साडेपाच. वर्षभर पैसा ठेवून तो घटला.

ज्या शेतमजूर बाईकडे पासबुकच नाही, तिचं काय? साबण घेताना ती जीएसटी भरते आणि सरकार व्याज देतं ते अशाच करांतून. कर्जाच्या पैशातून तिच्या गावाला दवाखाना, पाटाचं पाणी मिळालं, तर ते कर्ज तिच्याही कामाचं. रोजचा सरकारी खर्च भागवण्यातच ते संपलं, तर तिच्या हाती काहीच लागत नाही, भरणं मात्र सुटत नाही. कर्ज किती यापेक्षा ते गेलं कुठे, हे मला म्हणूनच जास्त महत्त्वाचं वाटतं.

अल्पबचतीचे दर सरकारी रोख्यांच्या परताव्याशी जोडा, अशी शिफारस श्यामला गोपीनाथ समितीने २०११ मध्येच केली होती. सरकारने ती तत्त्वतः स्वीकारली, पण दर अनेकदा सूत्र सोडून ठरले. कधी ठेवीदाराच्या फायद्याचे, कधी तोट्याचे. सूत्राने दर खाली येणार असेल तर तोही आपण सोसायला हवा. पण तिमाहीअखेर निघणाऱ्या त्या छोट्या पत्रकात नव्या दरांच्या शेजारी सूत्राने येणारा दर छापायला काय हरकत आहे? फरक का ठेवला, तेही दोन ओळींत लिहा. पैसे आमचे आहेत.