शिक्षकाचे प्रमाणपत्र आणि मुलाची भाषा

रायपूरच्या शंकरनगर भागात 'बी. टी. आय. मैदान' या नावाचे एक मैदान आहे. शहरातील लहानथोरांच्या तोंडी हे नाव असते. पण त्या तीन अक्षरांमागे बुनियादी शिक्षणाच्या प्रशिक्षणसंस्थेची स्मृती आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. १९३७ साली वर्धा येथे शिक्षण-परिषद भरली, तेव्हा रायपूर आणि वर्धा एकाच प्रांतात होते. मध्य प्रांत व वऱ्हाडचे शिक्षणमंत्री होते रायपूरचे वकील पं. रविशंकर शुक्ल. गावाने दान केलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, अशी 'विद्यामंदिर' योजना त्यांनी मांडली आणि तिच्या शिक्षकांसाठी १९३८ मध्ये वर्ध्याला प्रशिक्षणशाळा उघडण्यात आली. ती योजना टिकली नाही. तिच्या नावातील 'मंदिर' या शब्दावरूनही मुस्लिम समाजातून तीव्र विरोध झाला. तिचे गुणदोष काहीही असोत, शिक्षक घडवायचा तो एका विशिष्ट गावासाठी, ही तिची मूळ धारणा मात्र आज पुन्हा आठवण्यासारखी आहे.

याचे कारण याच शहराने नुकताच अनुभवलेला एक प्रसंग. प्राथमिक शाळेत बी. एड. झालेले उमेदवारही नेमता येतील, असे राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०१८ च्या अधिसूचनेने ठरविले होते. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मुभा अवैध ठरविली. लहान मुलांना शिकविणे ही निराळी विद्या आहे आणि तिच्यासाठी प्राथमिक शिक्षणातील पदविकाच, म्हणजे डी. एल. एड., हवी, असा त्या निर्णयाचा आशय. त्याला अनुसरून छत्तीसगढ उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये निर्णय दिला आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून बस्तर व सरगुजा विभागांतील सुमारे २,९०० सहायक शिक्षकांच्या सेवा संपुष्टात आल्या. नियमाप्रमाणे अर्ज करून, परीक्षा देऊन, वर्गात उभे राहिलेली ही तरुण माणसे नव्या रायपुरात महिनोन्‌महिने धरणे धरून बसली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांपैकी २,६२१ जणांना विज्ञान-प्रयोगशाळेच्या सहायक शिक्षकपदांवर सामावून घेण्याचे ठरविले.

न्यायालयाच्या निर्णयातील तत्त्व मला मान्य आहे. किशोरांना बीजगणित शिकविण्याची तयारी झालेला मनुष्य आपोआप सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देऊ शकेल, हा भ्रमच होता. नियम चुकला त्याचे प्रायश्चित्त मात्र नियम पाळणाऱ्यांनी घेतले, हेही तितकेच खरे. तथापि या साऱ्या वादात एक प्रश्न कोणीच विचारला नाही. हलबी, गोंडी, भतरी, कुडुख, सरगुजिया बोलणाऱ्या मुलांपुढे जो शिक्षक उभा राहणार, त्याला ती मुले काय बोलतात हे कळते काय? बी. एड.चे प्रमाणपत्र याविषयी मौन पाळते. पदविकेचे प्रमाणपत्रही तसेच. दोन कागदांपैकी खरा कोणता, यावर एवढा खल झाला. परंतु मुलाच्या भाषेचा रकाना दोन्ही कागदांवर नाही.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून येथे आल्यावर एका परिचित अध्यापकांसमवेत मी शहरापासून थोड्या अंतरावरील एका प्राथमिक शाळेत सराव पाठ पाहण्यास गेलो होतो. छात्राध्यापिकेचे पाठटाचण निर्दोष होते. उद्दिष्टे, साधने, फलकलेखन, सारे जागच्या जागी. तिने झाडाचे चित्र दाखवून 'हे काय?' असे विचारले. एक मुलगा उत्साहाने म्हणाला, 'रुख!' तिने हसून, मायेनेच, त्याला दुरुस्त केले : 'पेड़ बोलो.' मुलाने 'पेड़' म्हटले आणि पाठ संपेपर्यंत तो पुन्हा बोलला नाही. निरीक्षणाच्या नोंदीत त्या पाठाला उत्तम शेरा मिळाला.

मला त्या क्षणी जे वाटले त्यात भाषाभ्यासकाचा स्वार्थही असेल. 'रुख' हा प्राकृतातील 'रुक्ख'. जुन्या मराठीलाही तो परका नाही. छत्तीसगढीत 'रुख-राई' म्हणतात, त्यातली राई आपल्या आमराईत आणि देवराईत आजही उभी आहे. ज्या शब्दावर आमच्या विद्यापीठांतून व्युत्पत्तीची व्याख्याने होतात, तोच शब्द वर्गात मुलाच्या तोंडून आला की चूक ठरतो. हलबीचेही तेच. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, मराठीच्या विवेचनात तिला स्थान दिले; पुढील अभ्यासकांनी तिला स्वतंत्र भाषा मानणे अधिक योग्य समजले. ती मराठीची बोली की निराळी भाषा, यावर आपण वाद घातला. ती बोलणाऱ्या मुलाचा शिक्षक कसा घडतो, याची चौकशी आपण केली नाही.

वस्तुतः हा विचार मराठीला नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, अशी मागणी केली होती. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम उभे केले, त्यात पाड्यावरची अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा ही एकाच सूत्राची रूपे होती : मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे. हे जाणे केवळ पायांनी होत नाही. ते भाषेनेही व्हावे लागते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. एका वर्गात तीन-तीन भाषांची मुले असतात; शिक्षकाची बदली होते; शिवाय पालकांनाच हिंदी आणि इंग्रजी हवी असते, कारण पोट त्या भाषांवर भरते. हे सर्व खरे आहे. परंतु मुलाला हिंदी शिकवू नये, असे कोण म्हणतो? 'पेड़' शिकवावयाचाच आहे. तो 'रुख' पुसून शिकवावयाचा की 'रुख'च्या शेजारी लिहून, एवढाच प्रश्न आहे. दुसरी रीत अवलंबण्यासाठी शिक्षकाने प्रत्येक भाषेत पारंगत असण्याची गरज नाही; ऐकण्याची सवय आणि थोडा शब्दसंग्रह पुरतो. राज्य शासनाने अलीकडच्या वर्षांत छत्तीसगढी, गोंडी, हलबी इत्यादी भाषांत प्राथमिक वर्गांसाठी पाठ्यसामग्री काढली आहे. ती वर्गात सजीव करणारा शिक्षक मात्र पुस्तकाबरोबर छापून येत नाही.

येथेच विद्यापीठीय साहित्याभ्यासकांचा संबंध येतो. प्राथमिक शिक्षक आजवर बहुधा विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर घडत आला. त्याच्यासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था होत्या, अध्यापक विद्यालये होती. दिल्ली विद्यापीठाने १९९४ मध्ये सुरू केलेला प्राथमिक शिक्षणाचा पदवी-अभ्यासक्रम हा ठळक अपवाद होय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मात्र २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी. एड. ही शिक्षकाची किमान पात्रता ठरविण्याचे योजले आहे आणि त्यात पायाभूत व प्रारंभिक स्तरही येतात. म्हणजे पहिलीचा शिक्षक आता आमच्या दाराशी येणार आहे. त्याचा अभ्यासक्रम केवळ शिक्षणशास्त्र विभागाची बाब समजून आम्ही दार लोटून घेतले, तर पूर्वीचीच चूक अधिक खर्चाने होईल.

माझी सूचना साधी आहे. आंतरवासितेचे जे आठवडे छात्राध्यापक शाळेत काढतो, त्यांत त्याने त्या मुलांच्या भाषेतील शब्द, कोडी आणि कथा टिपून आणाव्यात. भाषा-विभागाने त्या तपासाव्यात, त्यांना गुण द्यावेत. आणि त्या भाषेत मुलाशी संवाद करता येतो की नाही, याची लहानशी तोंडी परीक्षा घेऊन निकाल प्रमाणपत्रावर नोंदवावा. परीक्षक म्हणून त्या भाषेचा एखादा जाणकार गावकरीही बसावा. यासाठी नवे खाते काढावे लागणार नाही. आम्हा प्राध्यापकांना थोडे खाली उतरून ऐकावे मात्र लागेल.

तौलनिक साहित्याचा अभ्यास हा दोन भाषांना शेजारी बसविण्याचा अभ्यास आहे, असे आम्ही वर्गात सांगत असतो. शंकरनगरच्या त्या मैदानावरून जाताना वाटते, की फळ्यावर 'पेड़' आणि 'रुख' शेजारी लिहिणारी छात्राध्यापिका हे काम आमच्याहून अगोदर आणि अधिक खरेपणाने करू शकेल. तिला तसे करण्यास कोणी सांगितलेले नाही. ते सांगणे आमचे काम होते.