पाठमोरी खुर्ची आणि पाणसळ

गेल्या महिन्यात आम्ही सोलापूरहून पुण्यास निघालो. गाडीत मागे मी होते आणि शेजारी सव्वा वर्षाचा नातू, त्याच्या पाठमोऱ्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेला. मोहोळ येण्यापूर्वीच त्याचा डोळा लागला, मान पुढे कलंडली आणि हनुवटी छातीला टेकली. मी डोके हलकेच मागे नेले. ते पुन्हा पुढे आले. “अरे, गाडी थांबव,” मी मुलाला म्हटले.

चूक कोठे झाली, हे पेट्रोल पंपाच्या सपाट आवारात कळले. निघताना मुलाने खुर्चीचा कल तपासला होता. परंतु आमच्या दारापुढे उतार आहे आणि गाडीचे तोंड उताराकडे होते. तेथे बरोबर भासलेली खुर्ची सपाट रस्त्यावर येताच गरजेपेक्षा उभी झाली. तागडी कलत्या फळीवर ठेवून माल तोलावा, तसेच हे झाले.

हा कल इतका महत्त्वाचा का? तान्ह्या बाळाला मान सावरता येत नाही. खुर्ची फार उभी असली तर हनुवटी छातीवर येऊन श्वासमार्ग दबतो, आणि बाळ रडूनही सांगू शकत नाही. म्हणून नवजात बाळासाठी पाठ उभ्या रेषेपासून साधारण ४५ अंशांपर्यंत मागे कललेली ठेवतात. त्याहून अधिक आडवी मात्र नको. धडकेच्या वेळी मूल पाठीवरून वर सरकते. मान धरून नीट बसू लागलेल्या मुलाला थोडी उभी खुर्ची चालते. पुष्कळदा खुर्चीच्या बाजूस रेषा किंवा गवंड्याच्या पाणसळीसारखा बुडबुडा असतो; वयाप्रमाणे किती कल हवा, हे तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. तेच प्रमाण मानावे.

गाडीचे आसन पाठीकडे उतरते असल्याने पाठमोरी खुर्ची पुष्कळदा आपोआप उभी होते. पुस्तिकेत अनुमती असेल तरच आसनाच्या खाचेत घट्ट गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. सोलापूरकरांच्या घरी त्याची वाण नाही! त्यानंतर पट्टा आवळावा आणि कल पुन्हा पाहावा, कारण आवळताना तो बदलतो. आम्हीही पंपावर तेच केले. पुढे इंदापूरपर्यंत नातू मान टेकून निजला.

“आमच्या वेळी मुले मांडीवरच असत,” असे आपण वडीलधारी मंडळी म्हणतो. मीही म्हणत असे. पण हिशेब पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या चौदाव्या हिश्शात थांबली, तर १० किलोच्या बाळाचा ओढा सुमारे २०० किलोंचा होतो. दोन क्विंटलांचे पोते कोणाचे हात धरून ठेवतील? मूल पाठमोरे असले की तो आघात मान एकटीने सोसत नाही. खुर्चीची पाठ तो डोके, मान आणि पाठ यांवर वाटून घेते. स्वीडनच्या बर्टिल आल्डमान यांना ही कल्पना १९६० च्या दशकात सुचली, ती जेमिनी यानात पाठीवर रेलून बसणाऱ्या अंतराळवीरांवरून. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा किंवा बालआसन नसल्यास १,००० रुपये दंड आहे.

आणखी दोन गोष्टी. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर पाठमोरी खुर्ची कधीही ठेवू नये. मुक्कामी पोहोचल्यावर निजलेले मूल खुर्चीतच राहू देऊ नये. ती प्रवासाची खुर्ची आहे, पाळणा नव्हे.

दुकान उघडताना आपण काटा शून्यावर आहे की नाही ते पाहतो. प्रवासास निघताना गाडी सपाट जागी आणून ही पाणसळही पाहावी. दोन मिनिटे लागतात.