शाळेतील नाश्ता : ताटातले ग्रॅम, सरकारचा निधी आणि आपली नाचणी

शाळेत दुपारच्या जेवणाबरोबर सकाळचा नाश्ताही मिळावा, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये म्हटले आहे. प्रत्यक्षात 2021 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम पोषण योजनेत नाश्त्यासाठी तरतूद झाली नाही. त्यामुळे ज्या राज्याला नाश्ता द्यायचा आहे, त्याला खर्चाची सोय स्वतः करावी लागते. ‘शाळेत नाचणी येणार’ अशी बातमी वाचून पेरा वाढवण्यापूर्वी शेतकऱ्यांनी हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा.

दुपारच्या जेवणाचे निकष

पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 450 किलोकॅलरी ऊर्जा आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. त्यासाठी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल धरले जाते. सहावी ते आठवीसाठी 700 किलोकॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने, असा निकष आहे. धान्य केंद्राकडून येते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधनासाठी 1 मे 2025 पासून प्राथमिकच्या मुलामागे 6.78 रुपये, तर उच्च प्राथमिकसाठी 10.17 रुपये मंजूर आहेत. महाराष्ट्रात हा खर्च केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के उचलते.

शंभर ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम तूरडाळीतून साधारण 12 ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे निकष जेमतेम पूर्ण होतो. या पैशातून नाश्ता काढायचा म्हटले, तर दुपारचे ताट कमी पडणार हे उघड आहे.

तमिळनाडूने काय केले?

तमिळनाडूने 15 सप्टेंबर 2022 रोजी मदुराईतून नाश्ता योजना सुरू केली आणि 25 ऑगस्ट 2023 पासून ती राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांत नेली. खर्च राज्याच्या तिजोरीतून होतो. ग्रामीण भागात महिला बचत गट उपमा, खिचडी, पोंगल असे पदार्थ रांधतात. प्रति मूल 50 ग्रॅम तांदूळ, रवा, शेवया किंवा स्थानिक भरडधान्य आणि सांबारासाठी 15 ग्रॅम डाळ, असे प्रमाण आदेशातच ठरवून दिले आहे. आपल्या दृष्टीने इथे लक्षात घेण्याची गोष्ट एकच : जिन्नस आणि त्याचे वजन कागदावर आले, की खरेदीचा अंदाज बांधता येतो.

उलट अनुभव महाराष्ट्रातला आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्यातून एकदा अंडे किंवा केळी देण्याचा निर्णय झाला. जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीचा राज्याचा निधी थांबला आणि ते लोकसहभागातून द्यावे, असे सांगण्यात आले. केंद्राच्या निकषाबाहेरचा पदार्थ राज्याच्या निधीवर चालतो. तो निधी बंद झाला, की गावातल्या कुक्कुटपालकाची मागणीही बंद होते.

नाचणीचा हिशेब

तीस ग्रॅम नाचणी, 10 ग्रॅम शेंगदाणे आणि 15 ग्रॅम गूळ यांच्या नाश्त्यातून सुमारे 200 किलोकॅलरी, साडेचार ग्रॅम प्रथिने आणि 100 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळते. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात 10 मिलिग्रॅमही कॅल्शियम नसते.

नाचणीचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये आहे. तो धरला आणि शेंगदाणे किलोला 120 रुपये, गूळ 50 रुपये मानला, तर कच्चा माल सुमारे साडेतीन रुपयांचा होतो. दळण, इंधन आणि मजुरी वेगळी. दुपारच्या जेवणाच्या 6.78 रुपयांशी तुलना केली, तर कच्च्या मालावरच त्याची निम्मी रक्कम लागते. नाश्त्यासाठी स्वतंत्र तरतूद का हवी, ते यावरून दिसते.

एक शाळा म्हणजे बाजारपेठ नव्हे

शंभर मुलांच्या शाळेत दिवसाला तीन किलो नाचणी लागेल. आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षात 70 दिवस धरले तर 210 किलो. हेक्टरी 10 क्विंटल उत्पादन मानले, तर हे जेमतेम अर्ध्या एकराचे पीक झाले. दहा हजार मुलांच्या तालुक्याला मात्र 210 क्विंटल लागतात, म्हणजे 50 एकरांच्या आसपास. हे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही, शेतकरी उत्पादक कंपनीचे किंवा गटाचे आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात डाळी आणि मसाल्यासारखा कोरडा माल ठेकेदार पुरवतो, भाजी शाळेच्या पातळीवर घेतली जाते. म्हणून भाजी पिकवणाऱ्याला दार आजही उघडे आहे. नाचणीला ते नाही.

आता काय करता येईल?

- शाळा व्यवस्थापन समितीकडून पाककृती आणि पटसंख्या घ्या. पालेभाजी, शेवगा, भोपळा यांच्या नियमित पुरवठ्यापासून सुरुवात करा.
- गटाने अन्नसुरक्षा नोंदणी करून ठेवावी. खडे-माती काढलेली, चांगली वाळवलेली नाचणी अख्खी साठवावी आणि पीठ लागेल तसे दळावे.
- शेंगदाणे आठ टक्क्यांच्या आत ओलावा येईपर्यंत वाळवा. बुरशीचे, सुरकुतलेले दाणे निवडून काढा. अफ्लाटॉक्सिनचा धोका असलेला माल मुलांच्या अन्नात जाता कामा नये.
- कोकणात दापोली-1, घाटमाथ्यावर फुले नाचणी यांसारख्या वाणांचे शुद्ध बियाणे गटातच तयार करा.
- विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याचा वरीलप्रमाणे हिशेब मांडून पंचायत समितीसमोर ठेवावा.

पेरा वाढवण्याचा निर्णय घेताना तीन गोष्टी लेखी आहेत का ते पाहा : प्रति मूल किती ग्रॅम, कोणत्या दराने आणि पैसे कोणत्या खात्यातून. या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत नाचणी आपल्या नेहमीच्या बाजारासाठीच पेरावी आणि शाळेची मागणी जास्तीची समजावी.